सत्कार होईपर्यंत

डॉक्टर वीरधवलांना दिल्लीचा पुरस्कार जाहीर झाला आणि त्या दिवसापासून आमच्या गावात आजारी पडायला बंदी आली. ग्रामसभेत ठराव झाला नाही की दवंडी पिटली गेली नाही, पण ज्याला त्याला बरोबर कळलं. पारावर कुणी नुसता शिंकला तरी शेजारचा त्याच्याकडे असा बघायचा, जसा काही तो देवळात चपला घालून शिरलाय.

पुरस्कारही साधासुधा नव्हता. वैद्यकीय संशोधनाचा राष्ट्रीय पुरस्कार. तो मिळतो मोठमोठ्या संस्थांतल्या, काचेच्या प्रयोगशाळांत बसणाऱ्या लोकांना. आमचे डॉक्टर साताऱ्यातल्या दोन खोल्यांच्या दवाखान्यातले. पण गोठ्याचा ताप त्यांनी शोधून काढला होता, आणि तो आमच्या गावात शोधला होता.

गोठ्याचा ताप हे लोकांनीच ठेवलेलं नाव. सकाळी माणूस ठणठणीत असतो. तिन्हीसांजेला कणकण येते, मग घाम फुटतो, कंबर धरते, सांधे बोलायला लागतात. थोडे दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच सुरू. वर्षानुवर्षं याला कुणी मलेरिया म्हणालं, कुणी टायफॉईड, कुणी वात. डॉक्टर मोटारसायकलवरून गावोगाव हिंडले, माणसांचं रक्त घेतलं, जनावरांचं घेतलं आणि दाखवून दिलं की हा ताप निरशा, म्हणजे न तापवलेल्या दुधातून येतो. तालमीतल्या पोरांत तो जास्त, कारण म्हशीच्या कासेखाली तांब्या धरायचा आणि कोमट फेसाळ दूध जागच्या जागी घशाखाली घालायचं, ही इकडच्या पैलवानांची बापजाद्यांपासूनची रीत. मग डॉक्टरांनी आमचं अख्खं गाव हाती घेतलं. दूध उकळूनच प्यायचं. नवं जनावर दावणीला बांधण्याआधी त्याचं रक्त तपासायचं. ताप आला तर लपवायचा नाही. आणि ताप खरोखर गेला. उंब्रजच्या फाट्यावर 'तापमुक्त गाव' अशी पाटी लागली. या सगळ्यातला त्यांचा पहिला पेशंट म्हणजे माझा नवरा, शिवतेज.

मी अंकिता. माहेर सांगलीचं. लग्न होऊन आले तेव्हा शिवतेज नुकता त्या तापातून उठला होता आणि माझे सासरे डॉक्टरांना देव मानत होते. सासऱ्यांचं नाव सयाजी, पण सगळं गाव त्यांना आबा म्हणतं. फौजेतून सुभेदार होऊन परत आलेले आणि गावच्या तालमीचे वस्ताद. पोरगा बरा झाला तेव्हा त्यांनी आखाड्याच्या लाल मातीवर हात ठेवून डॉक्टरांना शब्द दिला होता, "ह्या तालमीत निरशा दुधाचा थेंब येणार न्हाई." फौजी माणूस शब्दाला पक्का असतो म्हणतात. माझं मत विचाराल तर शब्द मोडल्यावर तो झाकायला फौजी माणूस त्याहून पक्का असतो.

यंदा दिवाळीनंतर शिवतेज लागोपाठ कुस्त्या हरला. एकदा तर आटपाडीच्या एका कालच्या पोरानं त्याला डोळ्याचं पातं लवायच्या आत आस्मान दाखवलं. आबा घरी आले ते दूध तापत ठेवलेल्या शेगडीकडे बघत बसले.

"उकळलं की दुधाचा जीव जातोय," ते म्हणाले. "मेल्यालं दूध पिऊन जित्या माणसाबरं कुस्ती हुती व्हय?"

सासूबाई, शालूबाई त्यांचं नाव, उठून शेगडी बारीक करायला गेल्या. चाळीस वर्षं संसार केलेल्या बायका कुठं बोलायचं नाही हे बरोबर ओळखतात. मी मात्र म्हणाले, "आबा, शब्द दिलाय तुमी."

"तुला कोण इचारलं गं?"

पंधरवड्यात त्यांनी जतकडच्या बाजारातून काळीभोर मुऱ्हा म्हैस आणली. गाभण होती. तिचं रक्त काही तपासलं नाही. तपासायला यायचा तो नाथाजी, डॉक्टरांचा कंपाउंडर, तो आमच्याच गावचा. आबांनी त्याला सांगितलं, पाहुण्यांची म्हैस आहे, चार दिवस राहायला आलीय. म्हैस पाहुणी येते हे मी पहिल्यांदाच ऐकलं. ती दिवस भरायच्या आधीच गाभडली; रोगी जनावराची ही खूण, असं डॉक्टर सांगायचे. मेलेलं रेडकू आबांनी भल्या सकाळी उकिरड्यामागे पुरलं, हात धुतले आणि आम्हा दोघींकडे बघून म्हणाले, "बाहीर बोलायचं न्हाई." म्हैस मात्र दुधावर राहिली. चांगली तांब्या भरभरून द्यायची.

तो तांब्या शिवतेजच्या तोंडाला लागलेला मी गोठ्याच्या दारातून पाहिला. मिशांना फेस लागला होता. मला बघून तो शाळेत चोरी पकडलेल्या पोरासारखा हसला.

"आवं, हे काय करताय?" मी म्हणाले.

"आबांनी हातानं दिलं. न्हाई कसं म्हणू?"

"डॉक्टरांनी हातानं गोळ्या दिल्या होत्या, त्या इसरला व्हय?"

"थोडंच दीस, अंकू. एक मैदान मारू दे."

मला त्याचा राग आला होता आणि त्याच वेळी त्याच्यावर माया पण येत होती, आणि या दोन्हींचं काय करायचं ते मला अजून समजलेलं नाही. एवढा दांडगा गडी, पण बापापुढे त्याची मान वर व्हायची नाही.

पुरस्काराची बातमी आली त्याच आठवड्यात त्याला पहिल्यांदा कणकण आली. गाव फटाके उडवत होतं, तालमीची पोरं हलगीवर नाचत होती, आणि शिवतेज आतल्या खोलीत गोधडी घेऊन कुडकुडत होता. मग घाम सुटला. मी त्याचा बनियन पिळला तेव्हा त्याला भिजून कुजलेल्या वैरणीचा वास येत होता. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी तो वास ओळखला. पदर नाकाला लावला आणि तिथंच खाली बसल्या.

मी मोबाईल हातात घेतला. तो आबांनी काढून घेतला. हिसकावला नाही, अगदी अलगद काढून घेतला, आणि तेच जास्त वाईट होतं.

"पोरी, ऐक," ते म्हणाले. "दिल्लीत डॉक्टरांचा मान हाय. साऱ्या देशाम्होरं सांगणार की एका गावातनं ताप कायमचा घालवला. आणि हितं त्येंचाच पैला पेशंट तापानं पडला, असं कळलं तर? ज्येनं तुझ्या नवऱ्याला जिता केला, त्येच्या तोंडाला काळं फासू व्हय?"

"आणि ह्यांचं काय?"

"गावचा सत्कार हाय संक्रांतीनंतर. मग ते दिल्लीला जाऊन येत्यात. आले की म्या सोता हात जोडून सांगतो. तवर कळ काढायची."

मी शिवतेजकडे पाहिलं. वाटलं, तो तरी म्हणेल, आबा, मला दवाखान्यात न्या. तो म्हणाला, "सत्कार हुईपत्तर काडतो कळ. मला काय हुतंय?"

झालं. बाप आणि लेक दोघं मिळून एका भल्या माणसाची लाज राखायला निघाले होते, आणि त्यासाठी पणाला लावला होता माझ्या नवऱ्याचा जीव.

त्यानंतर गावात सत्काराची तयारी सुरू झाली. डॉक्टरांचे मोठे फ्लेक्स लागले. त्यांच्या शेजारी शिवतेज, जुन्या फोटोतला, दंड फुगवून उभा. खाली लिहिलं होतं, 'तापमुक्तीचा पहिला मानकरी'. मी पाण्याला जाताना त्या फ्लेक्सखालून जायची आणि घरी येऊन त्याच माणसाचे गळ्याशी सैल झालेले शर्ट धुवायची. त्याला आता जिना चढताना दम लागायचा. घरी सगळे म्हणायचे, थंडी बाधलीय.

मी घरी ब्लाऊज शिवते. सत्कारासाठी बायका नवे ब्लाऊज टाकत होत्या. शेजारची राजेश्वरी माप द्यायला आली. टेप लावला तर मागच्या मापापेक्षा चांगलंच कमी भरलं. मी चेष्टेनं म्हणाले, "काय गं, सत्काराला हिरॉईन होऊन जायचंय का?" ती हसली नाही. ऐन जानेवारीत तिची पाठ ओली होती.

"तुला बी?" मी विचारलं.

"मला बी, ह्यास्नी बी," ती कुजबुजली. "आबा तालमीतल्या समद्या पोरांस्नी त्या म्हशीचं दूध देत्यात. माझा दीर चरवी भरून घरी आणायचा. आता आबा घरोघर जाऊन सांगून गेल्यात, सत्कार हुईपत्तर कुणी दवाखान्याची पायरी चढायची न्हाई. म्या बोलले म्हणून सांगू नगंस बाई."

टेप माझ्या हातात तसाच राहिला. मला वाटत होतं, हे आमच्या घरातलं आहे, चार भिंतींतलं. पण आता गल्लीतलं प्रत्येक दार मला वेगळं दिसायला लागलं. कुणाच्या घरी संध्याकाळी लवकर दिवा मालवतात, कुणाचा पोरगा तालमीला येत नाही, कुणाच्या दोरीवर दिवसातून दोनदा गोधड्या वाळतात, हे मी बघत होते, आणि सगळे जण मी बघतेय का ते बघत होते.

एवढं होऊनही मी आबांच्या मागे लागले आणि शेवटी ते सांगलीला यायला तयार झाले. कराडला जायचं नाही म्हणाले, तिथं सगळे डॉक्टरांच्या ओळखीचे. सांगलीत माझ्या माहेरच्यांच्या माहितीतला एक डॉक्टर होता. त्यानं शिवतेजला तपासलं आणि गाव विचारलं. गावाचं नाव ऐकलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"अरे वा! म्हणजे वीरधवल सरांचं गाव! मग तो ताप तर तुम्हाला नसणारच. आमच्याकडे बाकी सगळ्या तालुक्यांतून येतात त्याचे पेशंट, तुमच्या गावातून एकही नाही."

मी म्हणाले, "साहेब, हे निरसं दूध पितात."

आबा मोठ्यांदा हसले. "सून शहरातली हाय साहेब. साय आलेलं दूध दिसलं की तिला निरसं वाटतंय. आमच्यात दूध उकळल्याबिगर मांजराला बी घालत न्हाईत."

डॉक्टरही हसला. त्यानं मोबाईल काढून आम्हाला पुरस्काराची बातमी दाखवली, जशी काही आम्हाला ती माहीतच नव्हती. कंबरदुखीच्या गोळ्या दिल्या, ताकदीच्या दिल्या, कुस्ती थोडी कमी करा म्हणाला. मी पुन्हा बोलायला गेले तर आबांनी शिवतेजच्या पाठीवर थाप मारून त्याला खुर्चीतून उठवलं होतं. त्या दिवशी मला खरी भीती वाटली. फाट्यावरची पाटी सांगलीपर्यंत पोचली होती. आता या गावच्या माणसाला तो ताप आहे असं म्हणायला कुठलाच डॉक्टर धजावणार नव्हता.

घरी आल्यावर मी सासूबाईंच्या फोनवरून डॉक्टरांचा नंबर लावला. उचलला नाथाजीनं. डॉक्टर पुण्याला मुलाखतीला गेले होते.

"नाथाजी भावजी, ह्यांना परत ताप येतोय. डॉक्टरांच्या कानावर घाला."

त्यानं तिकडं दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "वहिनी, मला म्हाईत हाय. गावातलं समदंच म्हाईत हाय. माझ्या घरात बी दोघं हायती. पण आत्ता न्हाई. ह्या माणसानं हाडाची काडं केली ओ ह्या कामापायी, बायकोच्या आजारपणात बी फिरत हुते. एवढा सत्कार हू द्या." आणि फोन ठेवला.

मला त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं, पण तो रडत होता हे मला फोनवरही ऐकू आलं होतं.

सत्कार दुपारी होता. तालमीपुढच्या पटांगणात मांडव, खुर्च्या, स्टेज, समोर लाल मातीचा आखाडा पाणी मारून तयार. दिल्लीच्या कार्यक्रमात दाखवायची म्हणून फिल्म काढायला दोन माणसं कॅमेरा घेऊन आली होती. सुवासिनींनी ओवाळायचं होतं. आबांनी मला त्यातून वगळलं होतं. मी साडी नेसले, तबक घेतलं आणि जाऊन उभी राहिले. सगळ्या गावादेखत ते मला हाताला धरून बाहेर काढणार नव्हते, एवढी त्यांची इज्जत मला उपयोगाला आली.

माझी पाळी आली. डॉक्टर फेटा बांधून बसले होते, गळ्यात हार, डोळ्यात पाणी. खरंच चांगला माणूस. मी कुंकू लावायला वाकले आणि हळूच म्हणाले, "डॉक्टर, शिवतेजला ताप आलाय. तोच."

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला माणूस निघून गेला.

"कधीपासून?"

"लय दिवस झाले. दम लागतोय. अख्ख्या तालमीनं निरसं दूध प्यालंय. घरोघर ताप हाय."

कॅमेरावाला म्हणाला, "ताई, जरा बाजूला सरका, सरांचा चेहरा येत नाही."

"त्याची कुस्ती लावलीय आत्ता," मी म्हणाले. "तेवढी थांबवा."

"बघतो मी," डॉक्टर म्हणाले. "बघतो लगेच. हे एवढं होऊ दे."

मी तबक घेऊन खाली आले. मनातून मी जिंकले होते. आता ते उठतील, मला वाटलं.

तालमीतर्फे चांदीची गदा द्यायची होती. ती द्यायला शिवतेज स्टेजवर गेला. गदा हातात देऊन तो पाया पडायला वाकला, डॉक्टरांनी त्याला उठवून मिठी मारली. सगळं गाव टाळ्या वाजवत होतं. मी डॉक्टरांचे हात बघत होते. ते शिवतेजच्या उघड्या पाठीवर पडले आणि तिथंच थांबले. चुलीवरच्या तव्याला हात लागावा तसं त्यांच्या तोंडावर काहीतरी झालं. त्यांना कळलं होतं. माझ्या शब्दावर विश्वास बसला नसेल समजा, पण हाताला तर कळलं होतं.

माईकवाला ओरडला, "आता प्रेक्षणीय कुस्ती! पैलवान शिवतेज विरुद्ध पैलवान साईराज!"

डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. शेजारी आबा उभे होते. आबांना वाटलं ते लोकांना अभिवादन करायला उठलेत. त्यांनी डॉक्टरांचा हात धरला आणि उंच केला. पटांगण गर्जलं. हलगी कडाडली. डॉक्टरांनी त्या गर्दीकडे बघितलं, कॅमेऱ्याकडे बघितलं, आणि खाली बसले.

मी पळत आखाड्याकडे गेले. शिवतेज लांग कसत होता. त्याचे ओठ निळसर दिसत होते.

"नगा जाऊ. तुमच्या पाया पडते, नगा जाऊ."

"सलामीचीच कुस्ती हाय, अंकू. साईराजला सांगितलंय, हलक्या हातानं घे म्हणून." त्यानं माझ्या डोक्याला हात लावला. तळवा भाजत होता. "डॉक्टर बघत्यात. आजच्या दिवशी पाठ दाखवू व्हय?"

तो मातीत उतरला. माती कपाळाला लावली, शड्डू ठोकला. साईराज बिचारा नुसतं हातात हात गुंतवून त्याला फिरवत होता. एक फेरी झाली, दुसरी झाली. मग शिवतेजचा उजवा हात साईराजच्या मानेवरून खाली घसरला. त्यानं तो उचलायचा प्रयत्न केला, तो उचलला गेला नाही. तो हाताकडे बघत राहिला, दुसऱ्या कुणाचा हात आपल्या खांद्याला लावलाय असा. मग उजवा पाय गेला आणि तो आडवा झाला.

लोकांना वाटलं, डाव आहे. शिट्ट्या पडल्या. साईराज हात वर करून "थांबा, थांबा" म्हणत होता आणि हलगीवाला थांबायला तयार नव्हता. मी मातीत गेले. त्या मातीत बायकांनी पाय ठेवायचा नसतो, हे मला कुणीतरी मागून ओरडून सांगितलं. शिवतेजचं तोंड एका बाजूला वाकडं झालं होतं आणि तो मला काहीतरी सांगत होता, पण ते शब्द नव्हते.

डॉक्टर आले तेव्हा फेटा कुठंतरी पडला होता. त्यांनी शिवतेजच्या छातीला थेट कान लावला. खूप वेळ लावून ठेवला. मग म्हणाले, "गाडी आणा."

मिरवणुकीसाठी झेंडूनं सजवलेल्या जीपमधून आम्ही कराडला गेलो. मी मागे शिवतेजचं डोकं मांडीवर घेऊन, शेजारी डॉक्टर, पुढे आबा.  मग डॉक्टर म्हणाले, माझ्याकडे न बघता, "ताप हृदयाच्या झडपेत शिरलाय. तिथली एक गुठळी सुटून मेंदूत गेली." थोड्या वेळानं म्हणाले, "मला कळलं होतं. स्टेजवरच कळलं होतं."

"व्हय," मी म्हणाले. "मी बघितलं."

त्यांना वाटलं असेल मी रडेन, किंवा त्यांना समजून घेईन. मला त्यांची अजिबात कीव आली नाही. हार अजून त्यांच्या गळ्यात होता आणि मला तो ओढून रस्त्यावर फेकावासा वाटत होता.

दवाखान्यात शिवतेजला आत नेलं. थोड्या वेळानं एक तरुण डॉक्टर बाहेर आला. उदयसिंह नाव त्याचं. वीरधवलांना बघून तो त्या गडबडीतही वाकला.

"सर, अभिनंदन! तुम्ही इथं कसे? तुमच्या गावचा पेशंट आहे ना हा?" मग आवाज बदलून म्हणाला, "झडप खराब झालीय. रक्त पाठवतोय. पण गोठ्याच्या तापाची तपासणी वेगळी मागवावी लागते, वेळ जातो, म्हणून विचारतो. तुमच्या गावचा म्हणजे तो ताप नाहीच, असं धरून पुढं जाऊ ना? नेहमीची औषधं लगेच सुरू करतो."

मी तोंड उघडलं. आबा माझ्या आधी बोलले. "न्हाई न्हाई, साहेब. तो ताप आमच्यात न्हाई. कवाच गेला."

लेक आत अर्धा मेलेला आणि हा माणूस अजून तेच म्हणत होता. मी किंचाळले. जे तोंडाला येईल ते बोलले. म्हैस, रेडकू, तांब्या, राजेश्वरी, नाथाजीचं घर, सगळं. कॉरिडॉरमधले लोक वळून बघायला लागले. उदयसिंहानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग माझ्याकडे नाही, वीरधवलांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवल्याशिवाय माझं बोलणं खरं होणार नव्हतं.

डॉक्टर वीरधवल भिंतीला टेकले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच ते मला म्हातारे दिसले. मग त्यांनी गळ्यातला हार काढला आणि बाकावर ठेवला.

"तोच ताप आहे," ते म्हणाले. "तपासणी मागव, पण रिपोर्टची वाट बघू नकोस, त्याचीच औषधं आत्ता सुरू कर. आणि गावात हा एकटा नाही. उद्या सकाळी तुझी माणसं घेऊन तिकडे चल. दिल्लीला मी कळवतो."

उदयसिंह आत पळाला. आणि आबा, आमचे सुभेदार आबा, ज्यांनी हयातीत कुणापुढं गुडघा टेकला नाही, ते फरशीवर बसले आणि डॉक्टरांचे पाय धरून म्हणाले, "असं म्हणू नगासा ओ! आवं, एवढा मोठा मान! पोरगं माझं हाय, गेलं तर माझं जाईल. तुमी असं म्हणू नगासा!"

डॉक्टर त्यांना उठवत होते आणि ते उठत नव्हते. मला तिथं उभं राहवेना.

संध्याकाळ होता होता मला आत सोडलं. शिवतेजचे डोळे उघडे होते. नर्स म्हणाली, वाचेल असं वाटतंय, पण उजव्या हाताचं आत्ता काही सांगता येत नाही, आणि झडपेचं ऑपरेशन करावं लागेल. मी त्याचा डावा हात हातात घेतला. ताप उतरला नव्हता. त्यानं ओठ हलवले. पहिल्यांदा नुसता आवाज आला, मग एकेक शब्द, तोंडात खडे धरून बोलल्यासारखा.

"डॉक्टरांस्नी… सांगितलं न्हाईस… न्हवं?"

मी खोटं बोलू शकले असते. त्या दिवशी सगळ्यांनी तेच तर केलं होतं, आणि सगळ्यांनी मायेपोटी केलं होतं.

"सांगितलं," मी म्हणाले. "साऱ्या दवाखान्यादेखत सांगितलं. आणि त्यांनी मान्य केलं."

त्यानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मी त्याचं काहीतरी फार मोलाचं फोडून टाकलं होतं आणि ते आता पुन्हा जोडता येणार नव्हतं, असं. मग त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि एकच हात चालत होता, तोही माझ्या हातातून काढून घेतला.